बूच

मागच्या दिवाळीत बडोद्याहून नाशिकला माहेरी जाताना सापुताऱ्याच्या घाटात आमच्या गाडीने दम सोडला. बंद पडली नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यात रडू लागली, ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर आणि पुढे बॉनेटखालून एक बारीक सूंऽऽ असा आवाज. उसाने भरलेला एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. मागच्या सीटवरची दहावीतली लेक म्हणाली, "आई, आपल्याला उसाने ओव्हरटेक केलं."

बडोद्याला परतल्यावर गॅरेजमध्ये गेले. त्यांनी स्टिअरिंगखाली यंत्राची पिन लावली, पडद्यावर पी ०२९९ असा कोड आला. मिस्त्री म्हणाला, "टर्बो गयो, मॅडम." नवा टर्बो आणि मजुरी धरून बावन्न हजार. वर म्हणाला, साहेबांशी बोलून सांगा. मी सांगते म्हटलं आणि गाडी घरी आणली.

त्या कोडचा अर्थ मला माहीत होता, हीच अडचण होती. इंजिनाने जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. का मिळाला नाही, ते सांगत नाही. टर्बो खराब असेल, फिल्टर तुंबला असेल, दाब मोजणारा सेन्सर बिघडला असेल, किंवा टर्बोने इमानेइतबारे दाबलेली हवा वाटेतच कुठेतरी निसटत असेल. मला हे माहीत असण्याचं कारण असं की तीन वर्षांपूर्वी मी ते मराठीत लिहिलं होतं.

कविता आणि कथा मी भाषांतरित करते. घर चालतं ते माहितीपत्रकं आणि पुस्तिकांवर. मिक्सर, पाण्याचे पंप, विमा, रक्तातली साखर मोजायचं यंत्र. तुलनात्मक साहित्यात एम.ए. करताना ज्या वादांवर आम्ही रात्री जागवल्या, त्यांतला एकही वाद मिक्सरच्या झाकणापाशी उपयोगी पडत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते. या कामांतच एका एजन्सीमार्फत वाहनदुरुस्ती शिकणाऱ्या मुलांसाठीची एक पुस्तिका आली होती. इंग्रजीतून एकाच वेळी हिंदी, गुजराती, मराठी, तमिळ, कन्नड अशा भाषांत ती जायची होती. शब्दामागे पैसे, मुदत नऊ दिवस. तिच्यात एक प्रकरण होतं: टर्बो इंजिनातली हवागळती कशी शोधावी. प्रकरणाच्या शेवटी कमी साधनांत ही तपासणी कशी करता येईल, तेही चित्रांसह दिलं होतं. लॅपटॉपमध्ये ती फाइल अजून होती. बावन्न हजार देण्याआधी आपलंच मराठी एकदा वापरून पाहू, असं ठरवलं.

टर्बोची कल्पना सोपी आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर नुसता वाया का घालवायचा? त्याच्या झोताने एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं. आणि या दुसऱ्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, तर तेल जास्त जाळता येतं, आणि छोटं इंजिन मोठ्याचं काम करतं. दाबली की हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून पुढे नेतात. म्हणजे फिल्टर, मग टर्बो, मग रबरी नळी, मग इंटरकूलर, मग पुन्हा नळी, मग इंजिन. टर्बोच्या पुढच्या या वाटेवर कुठेही भेग पडली, एखादा क्लॅम्प सैल झाला, की दाबलेली हवा बाहेर जाते. डिझेल इंजिनाला मग तेलाच्या मानाने हवा कमी पडते. अर्धवट जळलेल्या तेलाचा काळा धूर होतो, आणि ऊस पुढे निघून जातो.

भाषांतराच्या वेळी मला सगळ्यात जास्त त्रास 'गळती' या शब्दाने दिला होता. एजन्सीच्या शब्दसूचीत तो सक्तीचा होता. पण मराठीत गळतं ते पाणी. छप्पर गळतं, नळ गळतो, पानं गळतात, शाळेतली मुलंसुद्धा गळतात. हवा गळत नाही, हवा जाते. सायकलच्या चाकातली हवा जाते, उतरते, फुसकन निघून जाते. भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेबद्दल आपण वायुगळती म्हणतो, पण त्या जडशीळ शब्दाचा घाटातल्या सूंऽऽ शी काही संबंध लागत नाही. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदर पाइपला सूचीत 'श्वासक नलिका' दिलं होतं. कोणत्या मिस्त्रीने हा शब्द आयुष्यात एकदा तरी उच्चारला असेल? मी भांडून कंसात ब्रीदर घालून घेतला होता आणि त्या विजयावर खूश होते. माझं सगळं लक्ष नामांवर होतं.

तपासणीची युक्ती अशी. इंजिन बंद, थंड आणि न्यूट्रलमध्ये ठेवायचं. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारी नळी फिल्टरच्या बाजूने सोडवायची आणि तिच्या तोंडात बूच मारायचं. बुचाला एक व्हॉल्व्ह. त्यातून बाहेरून हवा भरायची. म्हणजे टर्बोने फिरून जे करायचं ते काम आपण गाडी उभी असताना करतो, आणि हवा कुठून जाते ते शांतपणे ऐकतो.

हार्डवेअरच्या दुकानातून ६३ मिलिमीटरच्या जाड पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आणि त्याची एंड कॅप आणली. नळीचं तोंड लेकीने कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून दिलं होतं. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घेतला. त्याला साडेअकरा मिलिमीटरचं भोक लागतं; ते पाडायला ड्रिल मशीन सोसायटीच्या वॉचमनकाकांनी दिलं. कॅप सोल्व्हंटने पाइपाला चिकटवून रात्रभर वाळवली. ब्रीदर पाइप काढून नळीवरचं त्याचं तोंड रबरी टोपीने आणि क्लॅम्पने बंद केलं. हे विसरलं तर भरलेली हवा त्या वाटेने सरळ इंजिनाच्या पोटात जाते आणि तिथल्या ऑइल सीलना बाहेर रेटू लागते. पुस्तिकेत हे अर्ध्या ओळीत होतं. हाताने करताना त्याला पाऊण तास लागला, आणि बोटाचं साल गेलं.

राहिला कंप्रेसर. पायाच्या पंपाने हवा भरेल, पण जिथे ती जाते आहे तिथे भरण्यापेक्षा जाण्याचा वेग जास्त. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फर्निचरला पॉलिश करणारे एक भाई काम करत होते. त्यांचा टाकीवाला छोटा कंप्रेसर होता. विचारलं तर म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत घ्या. स्वतः खाली आणून दिला, नळी व्हॉल्व्हला जोडली, रेग्युलेटर फिरवून दाखवला. मी म्हटलं, दहा पीएसआयच्या वर जायचं नाही. पीव्हीसी पाण्यासाठी असतो. दाबलेल्या हवेखाली फुटला तर त्याचे तुकडे उडतात. त्यांनी माझ्या बुचाकडे पाहिलं, क्लॅम्प हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, "बेन, सामे ना ऊभा रहेता. बाजुमां. अने पहेलां हवा काढजो, पछी बूच." समोर उभं राहू नका, बाजूला राहा, आधी हवा काढा, मग बूच. मला गंमत वाटली की बूच त्यांच्याकडेही बूचच. पुस्तिकेत मी 'ॲडॅप्टर' लिहिलं होतं. ते डबा खायला वर गेले.

लेक शेजारी लॅपटॉप स्टुलावर ठेवून बसली. डोळ्यांना तिचा पोहण्याचा चष्मा, हातात साबणाच्या पाण्याचा फवारा. पुस्तिकेतल्या पायऱ्या ती मोठ्याने वाचणार आणि मी करणार, असं ठरलं, कारण माझे हात काळे झाले होते.

पाच पीएसआयला पहिला आवाज आला, तो ऑइलच्या डिपस्टिकपाशी. माझ्या पोटात गोळा आला. पण हे प्रकरण मीच लिहिलेलं: चार सिलिंडरांपैकी एखाद्याचा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह अर्धवट तरी उघडा असतोच, तिथून हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडी खाली उतरते. हा आवाज मंद असतो आणि तो दोष नव्हे. बिनदोष इंजिनसुद्धा हवा कायमची धरून ठेवत नाही. मी रेग्युलेटर दहावर नेला आणि आम्ही दोघी श्वास धरून ऐकू लागलो. आता दुसरा आवाज स्पष्ट होता. घाटातलाच, पण खालून येणारा.

लेकीने टर्बोच्या सांध्यावर फवारा मारला. काही नाही. इंटरकूलरच्या वरच्या तोंडाशी मारला. काही नाही. मग मी तिला सांगितलं, त्या जाड नळीच्या खालच्या अंगाला मार, दिसत नाही तिथे. फवाऱ्याचं पाणी खाली गेलं आणि नळीच्या पोटाशी, क्लॅम्पच्या अगदी कडेला, फेसाचा एक गोळा फुगू लागला. फुटायचा, पुन्हा फुगायचा. हात घालून चाचपलं तर बोटाच्या पेराएवढी चीर. वरून नळी नव्यासारखी. तिथे बोटाला तेलाचा ओशटपणाही लागला. हवेबरोबर जाणारा तेलाचा बारीक अंश त्या चिरेतून कित्येक महिने बाहेर येत असणार. आम्ही दोघी इतक्या आनंदाने ओरडलो की वरून कुणीतरी खिडकीतून डोकावलं. बावन्न हजार वाचले होते. टर्बो ठीक होता. चूक माझ्या बोटाखाली होती आणि तिला एक जागा होती.

"पुढचं वाच," मी म्हटलं. एका हाताने स्क्रूड्रायव्हर उचलला होता.

लेकीने वाचलं, "पायरी अकरा. क्लॅम्प सैल करा आणि ॲडॅप्टर काढा."

मी क्लॅम्पचा स्क्रू फिरवला. दोन वेढे झाले असतील.

"हवेचा पुरवठा बंद केल्यानंतर आणि दाबमापकाचा काटा शून्यावर असल्याची खात्री..." लेक वाचत होती, तेवढ्यात बूच सुटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. ते माझ्या डाव्या खांद्याजवळून वर गेलं, उघड्या बॉनेटच्या आतल्या बाजूवर आदळलं आणि कंप्रेसरची नळी शेपटासारखी मागे घेऊन फरशीवर पडलं. कंप्रेसर चालूच होता. बुडबुडे बघण्यासाठी मीच तो चालू ठेवला होता.

कुणाला काही लागलं नाही. भाईंनी बाजूला राहायला सांगितलं होतं म्हणून लेक बाजूला होती. मी समोर वाकले असते तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर केला. दहा पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सातशे ग्रॅमचा रेटा. ६३ मिलिमीटरच्या गोलाचं क्षेत्रफळ एकतीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या बुचामागे वीस-बावीस किलोंचा रेटा होता, आणि त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट, तो क्लॅम्प, मी माझ्या हाताने सैल केली होती. माझ्याच वाक्याचं ऐकून.

लेकीने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "असं उलटं कुणी लिहिलंय?"

रात्री मूळ इंग्रजी काढून बघितलं. तिथे ते एकच वाक्य होतं: आधी कृती, मग 'ओन्ली आफ्टर' म्हणून अट. पानाच्या मांडणीत त्याच्या दोन ओळी झाल्या होत्या. आमचं भाषांतराचं सॉफ्टवेअर मजकुराचे तुकडे पाडतं, डावीकडे इंग्रजी तुकडा, उजवीकडे आपला रिकामा चौकोन. ओळ तुटली तिथे त्याने वाक्य तोडलं. पहिल्या चौकोनात 'क्लॅम्प सैल करा आणि ॲडॅप्टर काढा'. दुसऱ्यात '...खात्री केल्यानंतरच'. मी दोन्ही चौकोन भरले. शब्द एकही सुटला नव्हता, एकही चुकला नव्हता. तपासणाऱ्याने हिरवी खूण केली होती.

दोष इंग्रजीवर टाकणं सोपं आहे, पण खरं नाही. इंग्रजीतही अट आधी सांगता येते. सॉफ्टवेअरवर टाकणंही सोपं. पण मराठी माझी होती. मराठीत आपण स्वाभाविकपणे अट आधी आणतो, कृती शेवटी. हात धुतल्याशिवाय ताटावर बसू नकोस. वाफ गेल्याशिवाय कुकर उघडू नकोस. ऐकणाऱ्याचा हात क्रियापदापर्यंत पोचतो तेव्हा अट त्याच्या कानावरून गेलेली असते. हे मला माझ्या आजीने कुकरपाशी शिकवलं होतं, आणि वाक्यात क्रियापद कुठे येतं यावर मी एके काळी एक अख्खा निबंध लिहिला होता. पॉलिशवाल्या भाईंनी पुस्तिका न वाचता ते बरोबर क्रमाने सांगितलं. 'श्वासक नलिके'शी भांडताना मी जिंकले आणि इथे, जिथे कुणाचा जबडा फुटू शकतो, तिथे चौकोन भरून पुढे गेले.

त्याच पुस्तिकेचं तमिळ करणारी मैत्रीण कोइमतूरला असते. तिला फोन केला. तिने फाइल उघडून बघितली आणि म्हणाली, "मी दोन्ही चौकोन जोडून एक वाक्य केलं होतं. अट आधी घातली. तमिळमध्ये दुसरं काही कानाला बरंच वाटेना. सॉफ्टवेअरने लाल खूण दाखवली, तुकडे जुळत नाहीत म्हणून. एजन्सीने दोनदा परत पाठवलं. मी दोनदा तसंच ठेवलं." मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुला लागलं नाही ना?" आपण किती चांगलं काम केलं, हे तिच्या आवाजात कुठेच नव्हतं. मला मात्र हिरवी खूण आठवत राहिली.

मी एजन्सीला लिहिलं. चूक माझी आहे, ती कुठे आहे, तिने काय होऊ शकतं, आणि दुरुस्त वाक्य हे: 'हवा बंद करून काटा शून्यावर आल्याशिवाय क्लॅम्पला हात लावू नका. मगच बूच काढा.' ॲडॅप्टर काढून बूच घातलं, सूचीत नसताना. तीन दिवसांनी नम्र उत्तर आलं. ती आवृत्ती छापून वाटली गेली आहे. सूचना पुढील आवृत्तीसाठी नोंदवून घेतली आहे. मी विचारलं, ती किती ठिकाणी गेली, त्यांना एक पान वेगळं पाठवता येईल का? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी मी ते पत्र पुन्हा पाठवते. मैत्रीण म्हणते, तिचीही सही घाल. आता आम्ही दोघींच्या नावाने पाठवतो. कन्नड करणाऱ्याने आपली फाइल उघडली, त्याच्याकडेही दोनच चौकोन निघाले, म्हणून या सोमवारपासून तिसरं नाव आहे.

पुस्तिका वाटून तीन वर्षं झाली. ती वाचणारी मुलं कदाचित वाचतच नसतील. उस्ताद दाखवतो तसं करत असतील, आणि कोणताही उस्ताद आधी हवा काढायलाच सांगेल. ही आशा मला बरी वाटते आणि भाषांतरकार म्हणून लाजिरवाणीही वाटते. माझं काम कुणी वाचू नये, अशी इच्छा मी यापूर्वी कधी केली नव्हती.

नवी नळी अठराशे रुपयांना मिळाली. ती बसवून आम्ही तपासणी पुन्हा केली. या वेळी लॅपटॉप घरात ठेवला. दहा पीएसआयला फक्त डिपस्टिकपाशी मंद आवाज, बाकी सगळीकडे साबण नुसता ओघळला. मग लेकीने कंप्रेसर बंद केला, टाकीची हवा सोडली, काट्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "शून्य. आता काढ." मी तरी एक मिनिट थांबले.

संक्रांतीला पुन्हा नाशिकला गेलो. सापुताऱ्याच्या घाटात गाडी तिसऱ्यात चढली, धूर नाही, आवाज नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला मात्र अंगठ्याएवढा खड्डा आहे. गॅरेजवाला म्हणाला, ठोकून काढून देतो, मॅडम, पैसे नकोत. मी राहू दे म्हटलं.